पाचशे रुपयांचा हेडफोन अँप्लिफायर: पेण-रोह्यात बसून पहिलं प्रॉडक्ट कसं बनवायचं आणि कधी थांबायचं



"सर, इलेक्ट्रॉनिक्समध्ये काहीतरी स्वतःचं बनवून विकायचंय, पण भांडवल नाही." हा प्रश्न मला वारंवार येतो. विचारणाऱ्यांत कोणी धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला असतं, कोणी पेणला गणपतीच्या कारखान्यात सीझनला काम करतं, कोणी आयटीआय करून घरी बसलेलं असतं. खिशात पाच-सहा हजार रुपये असतात, आणि तेही घरचे. ते बुडाले तर पुढची दोन वर्षं घरात "धंदा" हा शब्द काढायची सोय राहत नाही. म्हणून आज एक छोटं प्रॉडक्ट घेऊन सगळं गणित मांडू. सर्किट, खर्च, गिऱ्हाईक, कायदा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे थांबायचं.

प्रॉडक्ट आहे साधा हेडफोन अँप्लिफायर. हाच का? कारण यात २३० व्होल्टशी संबंध येत नाही, बॅटरीवर चालतो, पार्ट मोजून पंचवीस-तीस लागतात, आणि चुकलं तर नुकसान एखाद्या आयसीचं होतं, जिवाचं नाही.

आधी प्रश्न: हे कोणाला लागतं?

इथेच बहुतेक जण घाई करतात. आधी बनवतात, मग गिऱ्हाईक शोधतात. आपण उलटं जाऊ.

खरं सांगायचं तर मोबाइलवर साधे इअरफोन लावून गाणी ऐकणाऱ्याला अँप्लिफायर लागत नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॉट पॉवर द्यायला साधारण ०.१८ व्होल्ट पुरतात, आणि एवढ्यात बऱ्याच हेडफोनचा आवाज चांगला मोठा होतो. ते काम मोबाइल आरामात करतो. म्हणजे "तुमचा मोबाइल दुप्पट वाजेल" असं सांगून विकायला गेलात तर ते गिऱ्हाईकाला फसवणं होईल. असं गिऱ्हाईक परत येत नाही, उलट दहा जणांना सांगतं.

मग गरज कोणाची?

- २५० किंवा ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन वापरणारा. त्याला त्याच आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि मोबाइल तिथे कमी पडतो.
- कीबोर्डचा क्लास घेणारे सर किंवा मॅडम. एका वाद्याचा आवाज चार मुलांना एकाच वेळी ऐकवायचा असतो, आणि शेजाऱ्यांची तक्रारही नको असते.
- भजनी मंडळ, जे आता स्वतःचं रेकॉर्डिंग करून टाकतं. गायक, पेटीवाला आणि तबलजी तिघांनाही हेडफोनवर ट्रॅक ऐकायचा असतो.
- साऊंड सिस्टिमवाला. मिक्सरवरचा एखादा आवाज स्पीकरला न देता फक्त स्वतः तपासायचा असतो.

बघा, एकट्याने गाणी ऐकणारा या यादीत कुठेच नाही. पेण आणि रोहा तालुक्यातल्या गावांत भजनी मंडळं आणि साऊंडवाले शोधायला लांब जावं लागत नाही. सोल्डरिंग आयर्न घ्यायच्या आधी अशा पाच जणांना भेटा. विकायला जाऊ नका, विचारायला जा: "आत्ता हे कसं करता? काय अडचण येते? त्यावर आतापर्यंत किती पैसे घातलेत?" पाचातल्या दोघांनी तरी अडचण स्वतःहून सांगितली, तर पुढे चला.

स्वयंपाकघरातला कारखाना

एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथानिएल बाल्डविन नावाचा माणूस होता. त्याने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१० मध्ये अमेरिकन नौदलाकडे पाठवले. नौदलाला ते आवडले आणि ऑर्डर आली. पण ओट्यावर काम चालायचं, त्यामुळे तो एका वेळी थोडेच नग देऊ शकत होता. लहान सुरुवातीत लाज नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक असं असावं की त्याला वस्तूची खरोखर गरज आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच विषयातलं. चू मॉय यांनी एका छोट्या हेडफोन अँप्लिफायरचं डिझाइन इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ९ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँप आयसी आणि मोजके पार्ट. जगभरातल्या शिकाऊ लोकांनी ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवलं आणि "सीमॉय" हे नाव पडलं. आपण त्याच घराण्यातलं, पण इथे सहज मिळणाऱ्या पार्टमध्ये बसणारं सर्किट घेऊ.

सर्किट, सोप्या भाषेत

आयसी घ्या एनई५५३२. आठ पायांची, ऑडिओसाठीच ओळखली जाणारी, आणि एका आयसीत डावं-उजवं दोन्ही चॅनल बसतात.

पॉवरसाठी ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. एकीचा प्लस आणि दुसरीचा मायनस एकत्र जोडा. तो मधला बिंदू म्हणजे आपला ग्राउंड. उरलेला प्लस आयसीच्या ८ नंबर पायाला, उरलेला मायनस ४ नंबर पायाला. एका बॅटरीवर का नाही? कारण ग्राउंड मध्ये धरला की एका बॅटरीतून वर-खाली साडेचार व्होल्टच मिळतात, आणि या आयसीला दोन्ही बाजूंना किमान पाच द्यावेत.

आता एका चॅनलची जोडणी:

१. इनपुट जॅकमधून सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून १० के ओहमच्या ड्युअल लॉग व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या टोकाला.
२. पॉटचं खालचं टोक ग्राउंडला, मधला पाय आयसीच्या ३ नंबरला.
३. ३ नंबरपासून ग्राउंडला १०० के चा एक रेझिस्टर. पुढे पॉट घासून मधला पाय सुटला, तरी आयसीचं इनपुट लटकत राहत नाही.
४. १ नंबर (आउटपुट) ते २ नंबर पायामध्ये २.२ के, आणि २ नंबरपासून ग्राउंडला १ के.
५. १ नंबरपासून १० ओहमच्या रेझिस्टरमधून हेडफोन जॅकला.

दुसऱ्या चॅनलला हेच सगळं, फक्त पाय बदलतात: इनपुट ५, फीडबॅक ६, आउटपुट ७. शिवाय ८ आणि ४ नंबर पायापासून ग्राउंडला प्रत्येकी एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीला अगदी चिकटून. त्याच्या शेजारी १०० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलायटिक. यांचे प्लस-मायनस नीट बघून लावा.

आवाज किती वाढणार? सूत्र सोपं आहे: १ अधिक (२.२ भागिले १), म्हणजे ३.२ पट. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी १० के आणि १ के दिलेले सापडतील, म्हणजे ११ पट. साध्या हेडफोनला ते फार होतं. नॉब जरा हलवला की कानठळ्या बसतात.

चालू करताना घाई नको

पहिली चाचणी हेडफोन न लावता करायची. आयसी सॉकेटमधून बाहेर ठेवा आणि मल्टीमीटरने सॉकेटचे पाय तपासा. ८ वर साधारण +९ आणि ४ वर -९ यायला हवेत. मग स्विच बंद करा, आयसी बसवा, परत चालू करा, आणि हेडफोन जॅकवर डीसी व्होल्टेज मोजा. ते २० मिलिव्होल्टच्या आत असायला हवं. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर काहीतरी उलटं जोडलंय किंवा एखादा डाख सुटलाय. आकडा बरोबर आला तरी आधी जुने, स्वस्तातले इअरफोन लावा.

स्विच डबल पोलचा घ्या, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकदम चालू आणि एकदम बंद होतील. एकच बॅटरी तुटली किंवा उतरली तर आउटपुटवर डीसी येऊ शकतं, आणि गिऱ्हाईकाचा महागाचा हेडफोन जाऊ शकतो. म्हणून डब्यावर दोन ओळींचं स्टिकर लावा: "आधी स्विच चालू, मग हेडफोन. दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला." छपाईला काही रुपये लागतील, भांडण वाचेल.

सोल्डरिंगचा धूर अंगावर घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. घरात लहान मूल असेल तर टेबल वेगळं ठेवा.

आणि आपलं हवामान विसरू नका. पेण-रोह्याच्या पावसाळ्यात दमटपणा सगळ्यात घुसतो. जॅक आणि पॉट दहा रुपये वाचवून हलके घेतले, तर सप्टेंबरपर्यंत खरखर सुरू होईल. पैसे वाचवायचे तर डब्यात वाचवा, जॅकमध्ये नको.

आता खरा विषय: कॉस्टिंग

पार्ट कुठून आणायचे? रोह्याहून पेणमार्गे दिव्याला जाणारी गाडी आहे. दिव्याहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, आणि स्टेशनजवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. ऑनलाइनही मिळतं, पण पहिल्यांदा दुकानात जा. हातात घेऊन बघितल्याशिवाय चांगला जॅक आणि वाईट जॅक यातला फरक कळत नाही.

खालचे आकडे गणित समजावं म्हणून धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला.

- आयसी आणि सॉकेट: ₹३०
- रेझिस्टर, कपॅसिटर: ₹५०
- ड्युअल पॉट आणि नॉब: ₹५०
- दोन जॅक: ₹५०
- झिरो पीसीबी: ₹३०
- स्विच: ₹१५
- बॅटरी क्लिप: ₹२०
- दोन बॅटऱ्या: ₹८०
- डबा: ₹६०
- वायर, सोल्डर: ₹२५

एकूण ₹४१०. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, "चारशेदहाला पडतो, सहाशेला विकू, एकशेनव्वद सुटतात!" आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं. पुढचा खर्च लिहा:

- तुमचा वेळ: दीड तास, तासाला ₹१०० धरून ₹१५०
- मुंबईची फेरी ₹३००, दहा नगांवर वाटली तर ₹३०
- खराब निघणारा माल, दहा टक्के: ₹४१
- वॉरंटीसाठी बाजूला: ₹४०

झाले ₹६७१. सहाशेला विकलात तर प्रत्येक नगामागे ₹७१ तुमच्या खिशातून गेले, आणि वर दमलात ते वेगळं. "माझा वेळ फुकट आहे" हे वाक्य आजपासून बंद! फुकट वेळेवर उभा राहिलेला धंदा वाढत नाही, कारण उद्या कामाला माणूस ठेवलात तर तो फुकट येणार नाही.

म्हणजे किंमत ₹९५० च्या आसपास जाते. आता मोबाइल उघडा आणि तयार हेडफोन अँप्लिफायरच्या किमती बघा. ₹९५० च्या आगेमागे, कधी त्याहून कमीत, चकचकीत डब्यात, चार्जिंगसकट माल दिसेल. चार हेडफोन चालवणारा बेरिंजरचा एचए४०० सारखा तयार डबाही बाजारात आहे. हजारोंनी नग काढणाऱ्या फॅक्टरीशी तुम्ही किमतीत लढू शकत नाही. हे आजच मान्य करा, म्हणजे उद्या कर्ज काढून शंभर नगांचे पार्ट आणणार नाही.

मग विकायचं काय?

पेणकडे बघा. गणपतीच्या मूर्ती देशात अनेक ठिकाणी बनतात. तरी पेण आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे या गावांतून माल महाराष्ट्रभर आणि परदेशातही जातो. सगळा माल रंगवून जात नाही, बराच माल कच्चा जातो. घेणारा व्यापारी आपल्या गावी रंगकाम करतो, कारण त्याच्या गिऱ्हाईकाला कोणता रंग, कोणतं पितांबर आवडतं हे त्याला माहीत असतं. म्हणजे मूर्ती पेणची, पण शेवटचा हात गिऱ्हाईकाजवळच्या माणसाचा.

तुमचा धंदा त्या शेवटच्या हातात आहे. रोह्यातल्या क्लासच्या मॅडमना ऑनलाइन डबा मिळेल, पण त्यांच्या कीबोर्डला कोणती पिन लागते, चार बाकांपर्यंत किती फूट वायर हवी, ती पायात न येता भिंतीवरून कशी न्यायची, हे कोणी येऊन करणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी एक जॅक गेला तर ऑनलाइनवाला सायकलवर येणार नाही. तुम्ही याल.

म्हणून विक्रीचं पाकीट असं बांधा: चार हेडफोनचा डबा, मापाने कापलेल्या वायरी, जागेवर बसवून देणं, आणि एक वर्ष दुरुस्ती. उदाहरणादाखल माल ₹९००, चार तासांची मजुरी ₹४००, फेरी, खराबी आणि वॉरंटी मिळून ₹२००. एकूण ₹१,५००. हे ₹२,२०० ला देता येतं. तो डबा नुसता ऑनलाइन विकायला ठेवलात तर लोक किंमत बघतील. बसवून दिलात तर काम बघतील.

एक तांत्रिक गोष्ट. चार जोड्यांना चार आयसी लागतील आणि बॅटऱ्या भराभर संपतील. तिथे १२ व्होल्टचा तयार अडॅप्टर, अर्ध्या व्होल्टेजचा कृत्रिम ग्राउंड आणि प्रत्येक आउटपुटला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अशी रचना करावी लागते. ही दुसरी पायरी. आधी बॅटरीवाला एक नग नीट वाजवा, मग इकडे या.

मुलांच्या क्लाससाठी देत असाल तर आवाजाला मर्यादा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, मुलांसाठी ७५. डब्यात गेन कमी ठेवा आणि मॅडमना ते सांगा: "मुद्दाम कमी ठेवलाय, मुलांच्या कानांसाठी." ही गोष्ट फॅक्टरीच्या डब्यावर लिहिलेली नसते. आई-वडिलांना ती लगेच कळते.

कागदपत्रं, थोडक्यात

- उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या मजुरीचे आहेत, सरकारचे नाहीत.
- महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर सर्वसाधारणपणे वर्षाला ₹४० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर आधी सीएला विचारा.
- अडॅप्टर स्वतः बनवू नका. बीआयएस नोंदणी क्रमांक छापलेला तयार घ्या. अडॅप्टरला ती नोंदणी सक्तीची आहे.
- पॅकबंद विकत असाल तर नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापा.
- दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव किंवा लोगो डब्यावर टाकू नका. तुमचं स्वतःचं नाव टाका, ते लहान असलं तरी चालतं.

कुठे थांबायचं: साठ दिवसांचा नियम

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं रोह्याशी जुनं नातं. त्यांच्या गावात बसून हिशेबाशिवाय धंदा करू नका! एक वही घ्या आणि पहिल्या पानावर हे लिहा:

१. पहिल्या फेरीत फक्त एका नगाचे पार्ट. तो महिनाभर स्वतः वापरायचा किंवा एखाद्या भजनी मंडळाला वापरायला द्यायचा. ते ज्या तक्रारी सांगतील त्या लिहून घ्यायच्या.
२. तक्रारी सुटल्यावरच दहा नग. दहा नगांचा माल ₹४,१००, अवजारं साधारण ₹१,०००, फेरी ₹३००. एकूण ₹५,४००. यावर एक रुपयाही नाही, आणि उसना तर अजिबात नाही.
३. ₹९५० प्रमाणे सहा नग गेले की ₹५,७०० येतात, म्हणजे रोख परत. पुढचे चार ही तुमची मजुरी आणि नफा.
४. साठ दिवसांत नातेवाईक आणि मित्र सोडून चार अनोळखी लोकांनी पूर्ण किंमत दिली, तर पुढे जा. नाही दिली, तर नवीन माल भरायचा नाही.

चौथा नियम पाळणं अवघड जातं. मामा घेतो, वर्गमित्र घेतो आणि आपल्याला वाटतं धंदा चालला. मामाने माल घेतला नाही, त्याने भाच्याला शाबासकी दिली. अनोळखी माणूस खिशात हात घालतो ती खरी मागणी.

आणि साठ दिवसांनी थांबावं लागलं तर? तुमच्याकडे सोल्डरिंगचा हात असेल, मल्टीमीटर वापरता येत असेल, कॉस्टिंगची वही असेल, आणि तालुक्यातल्या वीस-पंचवीस साऊंडवाले, क्लासवाले आणि मंडळांचे नंबर असतील. यातल्या प्रत्येकाकडे तुटलेली वायर, सैल पिन आणि खरखरणारा व्हॉल्यूम असतोच. गणपतीच्या आधी पंधरा दिवस ते दुरुस्त करून देणाऱ्याची सगळे वाट बघत असतात. तिथे माल थोडा लागतो, बाकी मजुरी. कदाचित तुमचा धंदा तोच निघेल, आणि अँप्लिफायर ही त्या दारापर्यंत नेणारी पायवाट ठरेल.

या आठवड्याचं काम एकच. पार्ट मागवू नका. वही घ्या, पाच जणांना भेटा, आणि त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. पुढच्या व्हिडिओत हाच नग टेबलावर ठेवून एकेक डाख लावू. तोपर्यंत वहीचं पहिलं पान भरलेलं असू द्या.